पोपटी पिसाचा प्रवास

माझ्या नातीने मला विचारलं होतं. हे मी आधीच कबूल करतो, कारण पुढे जे झालं त्याचा सगळा दोष गावाने तिच्यावर आणि दस्तगीर टेलरवर ढकलला. पोरीने रीतसर परवानगी घेतली होती. मी शाळेच्या गच्चीवर मोबाईल डोक्याच्या वर धरून रेंज शोधत होतो, तेव्हा ती जिन्यावरून ओरडली, "गुरुजी, मी 'पोपटी पिसाचा प्रवास' असा तक्ता करू का?"

शाळेत ती मला गुरुजी म्हणते, घरी आबा. मला वाटलं, पोरीला कुठे ज्वारीच्या रानात पोपटाचं पीस सापडलं असेल. "कर की, छान आहे," मी म्हणालो आणि कार्यक्रमपत्रिकेत 'पक्षीनिरीक्षण प्रकल्प – आरोही, इयत्ता चौथी' असं टाकून मोकळा झालो. एका शब्दाला दोन अर्थ असतात, हा धडा मी बत्तीस वर्षं शिकवतो आहे.

आमची शाळा सेनगाव तालुक्यातली, तालुक्यातल्याच गोरेगावहून जीपने अर्ध्या तासावर. दोन शिक्षक आणि पस्तीस पोरं. दर शनिवारी दप्तर आणायचं नाही असा नियम निघाल्यापासून पोरं शनिवारी वेळेवर येतात. त्यात वरून पत्र आलं: गावाला बरोबर घेऊन 'टाकाऊतून टिकाऊ' जत्रा भरवा, मुलांना पुनर्वापराचं महत्त्व पटवा, फोटो काढा, लिंक भरा. यातली शेवटची दोन कामं खरी. पुनर्वापर न करता फोटो चालतो, पण फोटो न काढता केलेला पुनर्वापर सरकारदरबारी झालेलाच नसतो. त्यामुळे तो पंधरवडा मी बहुतेक गच्चीवरच काढला.

गच्चीवर जाण्याआधी मी पोरांना सूचना मात्र स्पष्ट दिली होती. "घरात जे नुसतं पडून आहे, वर्षभरात कुणी हात लावला नाही, ते आणा. विचारून आणा." यातला 'विचारून' हा शब्द पोरांनी टाकाऊ समजून तिथेच टाकून दिला.

सोमवारी शाळेत सामान यायला लागलं. टायर आले, फुटक्या बादल्या आल्या, फवाऱ्याच्या नळ्या आल्या. गुटख्याच्या रिकाम्या पुड्या एवढ्या आल्या, की गुटखाबंदी नेमकी कुठल्या राज्यात आहे असा मला प्रश्न पडला. अबूबकरने चालू टीव्हीचा रिमोट आणला. "अब्बा रोज म्हंतेत, ये किसी काम का नहीं," तो म्हणाला. तो रिमोट मी परत पाठवला. त्यावेळी अब्बा रिमोटबद्दल बोलत होते की अबूबकरबद्दल, हे मी विचारलं नाही.

पाचवीतल्या प्रेमदासने अंड्यांचे ट्रे आणि हिरव्या बाटल्या जोडून एक मगर केली. जबडा उघडा, आत दातांच्या दोन ओळी. मी गच्चीवरून उतरताना तिच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणालो, "वा रे पठ्ठ्या! दात तर अगदी खरे वाटतात." प्रेमदास लाजला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण ते पोरगं उगाच लाजत नाही.

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण गोष्ट खरी तिथली आहे.

माझी बायको द्वारका आणि शेजारची केशर एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या. दोन घरांच्या मध्ये छातीइतकी भिंत. त्या भिंतीवरून विरजण जायचं, मीठ यायचं, भाकरी जायच्या, कोरड्यास यायचं, आणि पोरं रांगती होती तेव्हा पोरंसुद्धा इकडून तिकडे द्यायच्या. चौदा वर्षांपूर्वी द्वारकाचं नांदेडला ऑपरेशन झालं. महिनाभर केशरने दोन्ही घरच्या चुली सांभाळल्या. बरी होऊन आल्यावर द्वारका औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेली आणि तिथल्या दुकानातून केशरसाठी एक झंपर पीस, म्हणजे ब्लाउजचं न शिवलेलं कापड, घेऊन आली. पोपटी रंगाचा, काठाला लाल कोयऱ्या. त्याच्या कोपऱ्यात तिने पिवळ्या दोऱ्याने तुळशीचं इवलंसं पान भरलं आणि केशरच्या ओटीत घातला. "संक्रांतीला हेच शिवून घाल बरं," असं चारदा बजावलं.

संक्रांत आली. केशर निळ्या झंपरात आली. पुढच्या संक्रांतीला लाल. द्वारकाने काही विचारलं नाही. दिलेल्या वस्तूचं काय केलं हे विचारायचं नसतं, मनात धरायचं असतं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, आठ दिवसांत मिटलं असतं. फक्त 'केशरे'ची 'केशरबाई' झाली. तिकडून 'द्वारके'ची 'द्वारकाबाई' आली. हळदीकुंकू चालू, रामराम चालू, पण भिंतीवरून वाटी यायची-जायची थांबली. विरजण लागलं तर माझी बायको चार घरं ओलांडून जाते. पोपटी रंगाचा तर तिला रागच. मी एकदा नवा पोपटी शर्ट आणला, तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकल पुसायला लागला.

तिला केशर हवी होती. हे ती कधी बोलली नाही, पण मला माहीत आहे. मलाही केशर परत हवी होती, कारण चौदा वर्षं केशरच्या वाटणीच्या सगळ्या गप्पा मला ऐकाव्या लागत होत्या.

याच काळात केशरबाईला एक वाईट खोड लागली. कुठल्याही लग्नात आहेराचे पीस मांडले, की ही बाई एकेक उचलून त्याचे कोपरे उलटून बघते. मालकिणीसमोर बघते, वऱ्हाडासमोर बघते, लाज नाही. सगळ्या बायका हसतात. द्वारका तर म्हणायची, "दुसऱ्याच्या कापडाची परीक्षा करून राहिली! माझा पीस कोन्या उकिरड्यावर टाकला, देव जाणे."

झंपर पिसाबद्दल बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. आमच्याकडे आहेरात आलेला झंपर पीस शिवायचा नसतो, फिरवायचा असतो. लग्नात आला, पेटीत गेला, बारशाला निघाला, दुसऱ्या पेटीत गेला. प्लास्टिकची पिशवी फाटली तर नवी घालायची, पण घडी मोडायची नाही. प्रत्येक घरी पलंगाखाली पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात गावाचा हा साठा असतो. याला पुनर्वापर म्हणतात, हे आमच्या गावात कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं ते आरोहीला.

तिने वर्गात ऐकलं, 'वर्षभरात कुणी हात लावला नाही'. घरी आली, आजीची पेटी उघडली आणि त्यातलं गाठोडं घेऊन शाळेत गेली. बाकीच्या पोरींनीही तेच केलं. कापडकामासाठी मी दस्तगीर टेलरला बोलावलं होतं. पोरांना जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवायला शिकवायच्या, म्हणजे दुकानात प्लास्टिक मागायला नको. दस्तगीरभाईने हातगाड्यावर मशीन घालून आणलं आणि कपड्यांचा ढीग उलगडला. त्रेचाळीस नग निघाले. त्यातले एकतीस कोरे करकरीत झंपर पीस.

"गुरुजी, खाली या जरा! तकलीफ झाली!" त्याने मला हाक मारली होती. मला आठवतं. तयारीचा फोटो तेव्हा नव्वद टक्के चढला होता.

"तुमचं तुमी बघा, दस्तगीरभाई!" मी वरून ओरडलो. लिंक तुटली.

पुढचं मला नंतर कळलं. दस्तगीरभाईने कोऱ्या कापडाला कात्री लावायला नकार दिला आणि पिशव्या जुन्या सदऱ्यांच्याच करून घेतल्या. पण कोऱ्या पिसांच्या घड्या उलगडताना आरोहीला दिसलं, की प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात बारीक टाके आहेत. कुठे लाल गाठ, कुठे पांढरी फुली, कुठे हिरवे तीन ठिपके. एकेका पिसावर पाच-पाच, सात-सात.

"ह्ये काय हाय, चाचा?"

दस्तगीरभाई हसून हसून खाली बसला. गावातली प्रत्येक बाई आपल्या घरातून पीस बाहेर काढताना कोपऱ्यात आपला गुपचूप टाका घालते. तो फिरून आपल्याच घरी आला तर ओळखू यावा, आणि ज्या बाईचा तिलाच परत दिला असं होऊ नये, म्हणून. ही युक्ती आपल्या एकटीलाच सुचली आहे, असं प्रत्येक बाईला वाटतं. पण उसवायला, आल्टरला सगळ्या गावचे कपडे दस्तगीरभाईकडे येतात. त्याला घराघरातला हात माहीत आहे.

"बाई खोटं बोलन, बेटा," तो म्हणाला, "टाका खोटं न्हाई बोलत. बीस साल झाले, या गावानं मला एक आहेराचा पीस शिवायला न्हाई दिला. रेडिमेड घालतेत अन् पीस फिरवतेत. लिही तू. बराबर लिही." माणसाचा राग असा कुठून कुठे निघतो. त्याने घरं, त्यांचा क्रम आणि आठवली ती निमित्तं सांगितली आणि आरोहीने वहीत लिहून घेतली. त्यातला सर्वांत जास्त टाक्यांचा पीस तिने तक्त्यासाठी निवडला. तो आमच्याच पेटीच्या तळाशी होता, मागच्या महिन्यातल्या एका लग्नातला, पिशवी न फोडलेला. रंग पोपटी होता, म्हणून द्वारकाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

शनिवारी जत्रा भरली. मैदानात चिप्सच्या पुड्यांची तोरणं, नारळाच्या करवंटीतली रोपं, टायरचे झोके. सगळ्या आया-आज्या नटून आल्या होत्या. केशरबाई एका टोकाला बसली, द्वारका दुसऱ्या. मधे दरी असावी तशी रिकामी सतरंजी. अकराच्या सुमाराला केंद्रप्रमुख साहेब आले. चांगला माणूस, पण माईक दिसला की त्याला राहवत नाही. माझी पत्रिका वाचून तो पक्ष्यांवर भाषण तयार करून आला होता, खिशात कागद दिसत होता.

पहिल्यांदा साहेब मगरीपाशी थांबले. "किती जिवंत काम आहे!" असं म्हणून त्यांनी जबड्यात बोट घातलं. तेवढ्यात तांड्यावरचा फुलसिंगभाऊ, प्रेमदासचा आजा, गर्दीतून वाट काढत आला. त्याचे गाल आत गेले होते आणि डोळे बाहेर आले होते.

"माफे फात!" तो ओरडला.

"काय म्हणतात आजोबा?" साहेबांनी मला विचारलं.

"माफे फात! त्या मगरीच्या फोंडात!"

साहेबांनी बोट झटकन बाहेर काढलं. प्रेमदास मगरीमागून म्हणाला, "आजा, तू त्ये घालतच न्हाईस ना! वरीसभर डब्यात हाय. गुर्जीनं सांगितलं, हात न लावलेलं आना." मी फुलसिंगभाऊला कार्यक्रम होईपर्यंत थांबायची विनंती केली, कारण कवळी फेविकॉलने चिकटवली होती. तो मगरीशेजारी मांडी घालून राखणीला बसला.

मग साहेब तक्त्यांकडे वळले. जुन्या कॅलेंडरांची पाठ जोडून केलेला एक मोठा तक्ता मधोमध होता. वर रंगीत अक्षरं: पोपटी पिसाचा प्रवास. कडेला काहीतरी हिरवं टाचलेलं. मी लांब उभा होतो, मला ते पोपटाचं चित्र वाटलं.

"वा! हाच तो पक्षी प्रकल्प!" साहेबांनी माईक हातात घेतला. "माता-भगिनींनो, पक्षी हजारो मैल उडत जातात. ते कुठे थांबतात, काय खातात, हे या चिमुकलीने शोधलं आहे. मी स्वतः वाचून दाखवतो. पहिला थांबा: औंढ्याहून निघून... द्वारकाआजी. पिवळ्या दोऱ्याचं तुळशीचं पान."

साहेबांनी चष्मा नीट केला. पोपट द्वारकाआजीकडे थांबू शकतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. ते पुढे वाचत राहिले.

"दुसरा थांबा: केशरआजीचं घर. काळा आडवा टाका. तिसरा थांबा: सरपंचीणबाई. पांढरी फुली. निमित्त, बारसं. चौथा थांबा: मदीनाआपा. हिरवे तीन ठिपके. पाचवा थांबा..."

मैदानात कुजबुज झाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. प्रत्येक बाई आपलं नाव यायची वाट बघत होती आणि येऊ नये म्हणून नवसही बोलत होती. नऊ थांबे झाले. दहावा थांबा: पुन्हा द्वारकाआजी, आमची पेटी, पिशवी न फोडलेली.

"निष्कर्ष," साहेब आता घामाघूम झाले होते, पण हातात घेतलेलं वाचन अर्धवट सोडणारा तो माणूस नव्हे. "आपल्या गावात झंपर पीस कधीच वाया जात नाही. कारण तो कुणी वापरतच नाही."

मग जो गोंधळ उठला तो मी लिहू शकत नाही. "भारीतला म्हनून दिलता व्हय मला!" "अन् तू दिलता त्यो कोनाचा व्हता?" "माझ्या पोरीच्या लग्नात फिरता पीस!" सरपंचीणबाई उठून उभी राहिली, तक्ता जवळून वाचला आणि स्वतःचं नाव दोनदा आलेलं बघून परत बसली. साहेबांनी खिशातला पक्ष्यांचा कागद काढला आणि परत ठेवला. दस्तगीरभाई मशीनमागे तोंड लपवून गदगदत होता.

मी फक्त द्वारकाकडे बघत होतो. ती तक्त्यापाशी गेली होती. टाचलेल्या पिसाचा कोपरा तिने उलटला आणि पिवळ्या पानावर बोट ठेवलं. तिचा राग मला चांगला ओळखीचा आहे, त्याच्याशी मी पस्तीस वर्षं संसार केला. हा राग नव्हता.

"केशरबाई," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही, तरी सगळ्यांच्या माना वळल्या. "मला वाटायचं, शिवला नसन तर पेटीत तरी ठिवला आसन. तुमी तर वाटून टाकला."

केशरबाई उठली. रिकाम्या सतरंजीवरून चालत आली. तिने द्वारकाकडे पाहिलंच नाही. सवयीने पिसाचा कोपरा धरला, उलटला, डोळ्याजवळ नेला. आणि मग एवढ्या मोठ्याने ओरडली की फुलसिंगभाऊने मगरीला मिठी मारली.

"सापडला! सापडला गं माय! ह्योच हाय! ह्योच हाय त्यो!"

ती पीस छातीशी धरून रडायला लागली. द्वारका गोंधळली. रागवायचं की काय करायचं ते तिला कळेना.

"काय सापडला? तुमीच तर दिला ना? तुमचा टाका हाय की त्याच्यावर!"

"माझा टाका?" केशरबाईने नाक पुसलं. "माझा लाल आसतो. लाल डबल गाठ. दस्तगीरभाई, सांगा ना!"

दस्तगीरभाई पुढे आला. चष्मा लावून त्याने काळा टाका पाहिला. आता तो हसत नव्हता. "केशरबाईचा हात न्हाई ह्यो. ह्यो देवलाबाईचा. हिच्या सासूचा. मोतीबिंदू झालता बुढीला, टाका सरळ येतच न्हवता."

"म्हनूनच मी 'केशरआजीचं घर' लिवलं," आरोही म्हणाली. "नुसतं 'केशरआजी' न्हाई लिवलं." चौथीतली पोर, पण लिहिण्यात अशी चोख की तिच्या आजोबाला लाज वाटावी.

मग केशरबाईने सांगितलं. पीस एवढा आवडला होता की तिने संक्रांतीलाच शिवून घ्यायचं ठरवून पेटीत ठेवला. ती शेतात गेलेली असताना सासूने पेटी उघडली आणि हाताला लागला तो पीस सरपंचाच्या घरी बारशाला नेऊन दिला. सासूला बोलायची सोय नव्हती. दिलेला आहेर परत मागायची तर त्याहून नव्हती.

"अन् तुला काय सांगू?" ती द्वारकाला म्हणाली. 'तुमी' जाऊन 'तू' आलं होतं, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. "तुझा येवढा पीस मला सांभाळता न्हाई आला, आसं सांगू? म्हनलं, हुडकून आनीन, शिवीन, घालीन, अन् मगच तुझ्यासमोर येईन. चौदा वर्षं झाले, एक लगीन सोडलं न्हाई मी. ज्याची वळख न पाळख त्याच्या बी लग्नात जेवून आले. लोक मला भुकेली म्हंतेत, कोपरे बघती म्हंतेत. म्हनू द्या म्हनलं."

"मंग सांगायचं न्हाई व्हय!"

"तू इचारलं का?"

विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. एवढं मोठं भांडण चौदा वर्षं चालवलं आणि त्यात एक शब्द कुणी उच्चारला नव्हता. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. साहेबांनीही चष्मा पुसला. त्यांना अजून पोपट सापडला नव्हता, पण गोष्ट कळली होती.

"आता शिवा," द्वारका दस्तगीरभाईला म्हणाली. "आत्ता. हितंच."

दस्तगीरभाईने गळ्यातली टेप काढली. पीस मोजला. मग केशरबाईकडे पाहिलं, परत पिसाकडे पाहिलं आणि टेप हळूच गुंडाळली. पस्तीस वर्षांचा धंदा आहे त्याचा. बाईला काय बोलायचं नाही, हे त्याला माहीत आहे.

केशरबाईच बोलली. "मी वाढले चौदा वर्षांत. पीस कुठं वाढला?"

द्वारका आधी हसली. तिला मी असं पोट धरून हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. केशर हसली, मग सगळ्या बायका, मग पोरं, ज्यांना काहीच कळलं नव्हतं. हसताना सरपंचीणबाईने समोरच्या ढिगातून एक लाल पीस उचलून पुढे केला. "ह्येचं अंग करा अन् पोपट्याच्या बाह्या लावा." मदीनाआपाने, म्हणजे दस्तगीरभाईच्या घरवालीने, दुसरा पिवळा दिला. "बाह्या चार निघतेत. दोघींला होतेत."

पोरांनी मशीनभोवती कोंडाळं केलं. दस्तगीरभाईने पीस पसरला, खडूने रेघ मारली, 'बिस्मिल्ला' म्हणाला आणि कात्री चालवली. घडी मोडल्याचा तो आवाज ऐकून अर्ध्या बायकांच्या तोंडून 'अगं बाई' निघालं. औंढ्याहून निघाल्यापासून त्या कापडाला पहिल्यांदा कात्री लागली होती. मी पोरांना म्हणालो, "बघा, याला म्हणतात टाकाऊतून टिकाऊ." अबूबकर म्हणाला, "गुरुजी, पन ह्यो टिकाऊच व्हता की." मी त्याला सुई-दोरा आणायला पिटाळलं.

त्या दिवशी दस्तगीरभाईला एकतीसही पीस शिवायला मिळाले. ज्याचे त्याचे पीस ज्याच्या त्याच्या घरी गेले तर पुन्हा फिरायला लागतील, म्हणून बायकांनी तिथल्या तिथे मापं दिली. फक्त जाताना सरपंचीणबाईने विचारलं, "आता पुढल्या लग्नात द्यायचं काय?" हा प्रश्न गावात अजून फिरतो आहे. साहेबांनी शेरेबुकात 'पक्षीनिरीक्षण उत्कृष्ट' असं लिहिलं आणि गेले. फुलसिंगभाऊची कवळी गरम पाण्यात सुटली. तेव्हापासून तो ती घालूनच झोपतो. डब्यात ठेवली तर नातू नेईल, ही त्याला धास्ती.

मी मात्र जत्रेचा एकही फोटो काढला नव्हता. त्यामुळे सरकारच्या हिशेबी आमच्याकडे जत्रा झालेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. द्वारका हातात रिकामी वाटी घेऊन घरातून निघाली. मी आपला सवयीने फाटकाकडे बघत राहिलो. ती फाटकाकडे गेली नाही. भिंतीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि पलीकडे ओरडली, "ए केशरे! विरजण दे गं वाईच!"

पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला. मग पावलं धावत आली.

मी आरसा ठेवून आत गेलो आणि शिंकाळ्यातलं मडकं उतरवून पाहिलं. दही काठोकाठ भरलेलं होतं. मी ते तसंच झाकून ठेवलं आणि उरलेली दाढी करायला बाहेर आलो.